सूतभर माया, इंचाला बारा टाके

सोलापूरची चादर सगळ्यांना माहीत आहे, पण महाराष्ट्रातली आणि शेजारच्या राज्यांतली कितीतरी मुलं सोलापुरात शिवलेला गणवेश घालून शाळेत जातात, हे फार थोड्यांच्या ध्यानात असतं. गणवेशाचं काम इतर तयार कपड्यांपेक्षा कडक असतं. तो आठवड्यातले पाच-सहा दिवस अंगावर राहतो, मैदानात घासला जातो, रात्री धुऊन सकाळी पुन्हा चढतो, आणि पोर वाढलं की घरी आई तोच उसवून सैल करते. या सगळ्याला पुरं पडायचं तर मशीनवर दोन गोष्टी नीट लागाव्या लागतात: टाक्याची लांबी, आणि टिपेपासून कडेपर्यंत सोडलेली माया. मी आधी मशीन चालवलं, आता लाइन सांभाळते. लाइनवर नव्याने बसणाऱ्या मुलींना जे सांगत आले, ते इथे लिहिते आहे.

१. डायलवर आकडा दिसतो, टाका कापडावर दिसतो.

एका सुईच्या लॉकस्टिच मशीनला उजव्या अंगाला डायल असतो. त्यावरचे आकडे मिलिमीटरचे. २.५ वर ठेवला तर इंचाला साधारण १० टाके, २.१ वर १२, ३.२ वर ८. नवी मुलगी म्हणते, "अक्का, बरोबर लावलाय, डायल बघा की." मी डायल बघत नाही, कापड मागते. दाते पट्टीच्या वर किती येतात, फुटाचा दाब किती आहे, खाली थर दोन आहेत की सहा, वेग किती आहे, या सगळ्यांचा टाक्यावर परिणाम होतो. दाब कमी असेल तर पूर्ण वेगात फूट उडतं आणि टाके लहानमोठे पडतात. बेल्टच्या जोडावर चार-सहा थर आले की टाका आखडतो. म्हणून ज्या कापडाचं काम आहे त्याचेच तुकडे, तेवढेच थर घेऊन, रोजच्या वेगाने वीतभर टीप मारायची. सुरुवातीचा इंच सोडायचा, पुढचे ३ इंच मोजायचे आणि तिनाने भागायचं. एकाच इंचात मोजलं तर कडेचा अर्धा टाका धरायचा की सोडायचा यातच इंचाला एका टाक्याची चूक होते, आणि दहात एक म्हणजे फार झालं.

२. मोठ्या आकड्यावरून लहान आकड्यावर येताना रिव्हर्सचा दांडा दाबून धरा.

जोर लावून डायल फिरवला तर आतल्या भागांवर ताण येतो. दांडा दाबला की डायल हलका फिरतो. आणि पुढची टीप मोजून झाली की उलटी टीपही बघा. बॅकटॅक मारताना उलटे टाके पुढच्या टाक्यांच्याच भोकांत पडले पाहिजेत. ते जास्त लहान पडत असतील तर पाव इंचात कापडाची चाळण होते आणि शिलाई तिथूनच फाटते. उलट्या टाक्याची लांबी जुळवणं मेकॅनिकचं काम आहे. पण त्याला बोलवायचं कधी, हे ऑपरेटरलाच कळलं पाहिजे.

३. टाके बारीक म्हणजे शिलाई पक्की, हे एका हद्दीपर्यंतच खरं.

लॉकस्टिच टिपेच्या ताकदीचा धंद्यातला अंदाज असा: इंचाला टाके, गुणिले दोऱ्याची ताकद, गुणिले दीड. म्हणजे तोच दोरा ठेवून ८ चे १२ टाके केले तर टीप दीडपट ताकदीची होते. पण प्रत्येक टाका कापडाला एक भोक पाडतो. भोकं फार जवळ आली की ओढ बसताच टीप शाबूत राहते आणि तिच्या कडेने कापडच फाटतं. दोरा तुटला तर पाच मिनिटांत पुन्हा टीप मारता येते, फाटलेल्या कापडाला ठिगळाशिवाय इलाज नाही. म्हणून दोरा कापडाच्या आधी तुटावा, इतकीच टिपेची ताकद हवी.

दुसरी अडचण चुण्यांची. टेरीकॉटच्या घट्ट विणीच्या शर्टिंगवर बारीक टाका घातला की टिपेच्या दोन्ही बाजूंना चुण्या पडतात आणि सगळे टेन्शनचा स्क्रू फिरवत बसतात. आधी कारण ओळखा. टिपेतला दोरा मध्येमध्ये कापून बघा. चुणी लगेच बसली तर दोष टेन्शनचा. नाही बसली तर दोन थर उसवून एकमेकांवर ठेवा. एक थर जास्त सरकलेला दिसला तर दाते आणि फुटाचा दाब तपासा. दोन्ही ठीक असतील तर कापडाच्या घट्ट विणीत दोऱ्याला जागाच उरलेली नाही. तिथे सुई १४ ची ११ करा, दोरा बारीक घ्या आणि इंचाला १४ टाके असतील तर ११-१२ वर या. टेन्शन कितीही सैल केलं तरी ही चुणी जाणार नाही, वर टीप मात्र लोंबायला लागेल.

४. आसनाची टीप वेगळी लावा.

मुलगा खाली बसतो, उड्या मारतो, कुंपणावर चढतो. ताण सगळा पँटच्या आसनावर. तिथली टीप गोलाईत असते, आणि कापड तिरपं असल्याने ताणलं जातं. लॉकस्टिच मुळातच कमी ताणते, त्यात कारागिराने टेन्शन आवळलेलं असेल तर पहिल्याच आठवड्यात 'टक्' असा आवाज येतो. टाका थोडा लहान केला की त्याच लांबीत दोरा जास्त जातो आणि टीप थोडी ताणू शकते. वरचा आणि बॉबीनचा, दोन्ही ताण सारखेच सैल करावे लागतात. शक्य असेल तिथे आसनाला चेनस्टिच मारावी, ती जास्त ताणते. पण चेनस्टिचचं शेवटचं टोक मोकळं राहिलं तर दोरा धरून ओढताच सगळी टीप उसवते. टोकावर दुसरी शिलाई आलीच पाहिजे.

५. एका सुताची किंमत ओळखा.

आमच्या लाइनवर मापाची बोली सुतात चालते: इंचाचे आठ सूत. तीन सूत माया म्हणजे जेमतेम एक सेंटिमीटर. बहुतेक शिलायांना हीच माया असते, आणि कटिंग मास्तरने तीच धरून कापलेलं असतं. आता सहा कळ्यांचा स्कर्ट घ्या. जोड सहा. प्रत्येक जोडाला दोन कडा. ऑपरेटरने तीनऐवजी चार सूत माया घेतली तर एका जोडात दोन सूत गेले, सहा जोडांत बारा. कंबर दीड इंच कमी! गणवेशाचे साइज दोन-दोन इंचांनी वाढतात, म्हणजे जवळजवळ एक साइज घसरला. डोळ्याला एकाही जोडात काही वावगं दिसत नाही. चेकरही प्रत्येक शिलाई पाहून पुढे सारतो. उघडकीला येतं ते बेल्ट लावणाऱ्या मुलीपाशी. तिच्याकडचा बेल्ट मोठा पडतो, मग ती स्कर्ट ताणून किंवा बेल्ट दाबून जुळवते आणि झिपच्या तोंडाशी गोळा होतो. बोलणी मात्र तिलाच बसतात, आणि ते मला कधीच पटलेलं नाही. असा पीस आला की मी बेल्ट बाजूला ठेवते, स्कर्ट उलटा करते आणि सहाही जोडांची माया टेपने मोजते. दोष कुठल्या मशीनवर आहे ते तिथेच दिसतं.

जिथे जोड जास्त, तिथे मायेतली चूक वाढत जाते. पँटला चार-पाच जोड, कळीच्या स्कर्टला सहा-आठ. म्हणून सगळ्यात पक्का हात कळ्यांवर बसवा. बऱ्याच ठिकाणी सरळ शिलाई सोपी समजून तिथे नवी मुलगी बसवतात. मी तसं करत नाही.

६. नजर सुईवर नको, कडेवर हवी.

सुई वर-खाली होते, नजर तिच्यावर खिळते आणि टीप नागमोडी जाते. सुई आपल्या जागी आहे, ती कुठे जात नाही. कापडाची कड गाईडला लागून सरकते आहे की नाही, हे बघायचं. सुईच्या पट्टीवर रेघा कोरलेल्या असतात, पण दिवसभराच्या कामाला तेवढ्यावर भागत नाही. लांब सरळ शिलाईला टेबलावर स्क्रूने बसणारा गाईड उत्तम. मॅग्नेटचा गाईड पटकन बसतो तसाच पटकन सरकतोही, म्हणून प्रत्येक बंडल सुरू करताना टेप लावून बघावा. कॉलर, खिसा, पट्टी यांच्या वरच्या टिपेला कॉम्पेन्सेटिंग फूट घ्यावं. त्याचा एक पाय स्प्रिंगवर खाली-वर होतो आणि कड धरून ठेवतो. अर्ध्या सुताचं वेगळं, दोन सुताचं वेगळं. ही फुटं महाग नाहीत. ज्या मालकाने ती घेऊन दिली, त्याच्या अल्टरच्या ढिगाकडे बघून कळतं.

गोलाईवर मात्र गाईड अडथळा करतो. गळ्याला, काखेला, आसनाच्या वळणाला कड आणि टीप यांची लांबी सारखी नसते. माया जितकी रुंद, तितका हा फरक मोठा आणि तितकं कापड ओढलं जातं. म्हणून गळ्याला दोन सूतच माया ठेवतात.

७. टाका आणि माया एकमेकांना धरून ठरतात.

माझं सगळं सांगणं या एका गोष्टीभोवती आहे. दोन वेगळी माणसं दोन वेगळ्या वेळी ही सेटिंग ठरवतात, माया मास्तर आणि टाका मेकॅनिक, आणि तिथेच घोळ होतो. पॉली-व्हिस्कोस सुटिंगची वीण सैल असेल तर धागे कडेने सुटतात. तिथे दोन सूत माया ठेवून कितीही बारीक टाका घाला, ओढ बसली की कापडाचे धागे टिपेतून सरकून बाहेर येतात. टीप जागेवर, कापड निघून गेलेलं. इथे माया वाढवणं आणि कडेला ओव्हरलॉक मारणं हाच उपाय. उलट कॉलरच्या टोकाला उलटवण्याआधी माया एका सुतावर छाटावीच लागते, नाहीतर टोक जाडं दिसतं. एवढ्याशा मायेला इंचाला दहाचा टाका धरून ठेवत नाही. टोकाच्या अलीकडे-पलीकडे टाका लहान करायचा, १४-१५ पर्यंत, आणि मग छाटायचं.

पँटच्या मागच्या जोडाला आम्ही कमरेपाशी इंच-दीड इंच माया ठेवतो आणि खाली आसनाकडे ती तीन सुतांवर आणतो. ही माया पुढच्या वर्षासाठी असते. तिथे कमरेकडच्या भागात फार बारीक टाका घालू नये. उसवताना ब्लेड कापडाला लागतं, आणि घट्ट विणीवर सुईच्या भोकांची रांग कायमची उमटून राहते. उसवणारा हात आईचा आहे, हे शिवताना आठवावं.

८. ओव्हरलॉकची सुरी माया खाते.

ओव्हरलॉकवर टाक्याची लांबी वेगळ्या तऱ्हेने बदलते. बहुतेक मशीनवर मोटर बंद करून बटण दाबून धरायचं आणि चाक हाताने फिरवायचं. बटण खाचेत बसलं की चाकावरचा हवा तो आकडा खुणेपाशी आणायचा. हे सगळ्या शिकतात. सुरीकडे मात्र दुर्लक्ष होतं. आधी ओव्हरलॉक मारून मग जोडायचं असेल, तर सुरीने किती कापलं तेवढी माया गेली. तिने फक्त धाग्यांचे सुटे पिसारे छाटावेत. सुरी आणि टाक्याची रुंदीही जुळली पाहिजे: टाक्याच्या मानाने कापड जास्त राहिलं तर कड आत गुंडाळते, कमी राहिलं तर दोऱ्याचे फास कडेबाहेर लोंबतात.

दोरा वाचवायचा असेल तर तोही इथेच वाचतो. एक मीटर लॉकस्टिचला साधारण अडीच मीटर दोरा लागतो, तीन दोऱ्यांच्या ओव्हरलॉकला सुमारे १४ मीटर. लॉकस्टिचचे टाके लांब करून दोरा वाचवणारे ओव्हरलॉकच्या रुंदीकडे बघतसुद्धा नाहीत.

९. मोठा टाका घालून काम लवकर होत नाही.

हंगाम तापला की टाका हळूच मोठा होतो. हिशोब करून बघा. मशीन मिनिटाला ४००० टाके मारते असं धरा. ४० इंचांच्या शिलाईला इंचाला १० टाक्यांनी ६ सेकंद लागतात, १२ टाक्यांनी ७.२. फरक सव्वा सेकंदाचा. ऑपरेटरचा बहुतेक वेळ कापड उचलण्यात, कडा जुळवण्यात, दोरा कापण्यात जातो. सुई चालते तो त्यातला थोडाच भाग. पीसवर पैसे घेणाऱ्या मुलीचा वेळ खरंच वाचवायचा असेल तर बंडल तिच्या डाव्या हाताशी, योग्य उंचीवर ठेवा.

१०. ब्लाइंड हेमच्या मशीनवर खोली म्हणजे सुई कापडात किती शिरते ती.

तिचा डायल वेगळा असतो. सुई खोल गेली तर सुलट बाजूवर ठिपके दिसतात, वर राहिली तर तळ सुटून लोंबतो. जोडाच्या जाड जागेवर नव्हे, साध्या भागावर लावून घ्या, आणि मग जोडावरून नेऊन बघा.

११. धुतल्याशिवाय सेटिंग पक्कं करू नका.

नमुन्याची टीप मशीनखाली सपाट दिसते आणि पहिल्या धुण्यात कापड किंवा दोरा आटून चुणते. नव्या लॉटचं कापड आलं की हातभर तुकड्यावर ठरलेल्या मायेने टीप मारते, त्यावर सुई, दोरा आणि टाके पेनाने लिहिते, आणि तो धुऊन, वाळवून, इस्त्री करून पुन्हा टेपखाली घेते. मग तेच आकडे कार्डावर उतरवून मशीनच्या डोक्याला चिकटवते. थान बदललं, रंग बदलला, तरी हेच पुन्हा. गडद निळ्या आणि पांढऱ्या कापडाची वीण नावाला एकच असते, मशीनखाली दोन्ही वेगळी वागतात.