आधी छप्पर, मग रंग

प्रश्न : रत्नागिरीजवळ जुने चिऱ्याचे कौलारू घर घेतले आहे. मुलगी दोन वर्षांची. भिंतींना ओल आहे, पैसे मोजके. पावसाळ्याआधी रंग आणि फरशी उरकावी का?

उत्तर : नको. कौले उतरवून वासे आणि रिपा तपासा. पेचकस टोचल्यावर तो सहज आत शिरला, तर लाकूड वाळवीने पोखरले किंवा कुजले आहे. तेवढेच बदला, सगळे छप्पर नवे करण्याचा सल्ला देणारे पुष्कळ भेटतील.

ओल कुठून येते ते शोधा. चिरा म्हणजे जांभा दगड, तो सच्छिद्र असतो, पायाशी साचलेले पाणी वर ओढतो. पागोळ्या भिंतीच्या बुडाशी पडत असतील तर पन्हळ लावा, अंगणाचा उतार घरापासून दूर काढा. मग भिंत वाळू द्या. ओलीवर सिमेंटचा गिलावा किंवा वॉटरप्रूफ रंग चढवू नका. आतले पाणी अडकते आणि पोपडे धरतात. चुन्याचा गिलावा व सफेदी भिंतीला श्वास घेऊ देतात.

जुन्या वायरिंगला बहुधा अर्थिंग नसते. मूल रांगते-खेळते असताना यात काटकसर नको : परवानाधारक वायरमनकडून अर्थिंग करून घ्या, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच प्रवाह तोडणारा स्विच) बसवा. दारे-खिडक्यांचा जुना ऑइलपेंट कोरडा घासू नका, त्यात शिसे असू शकते. भारतात घरगुती रंगांतील शिशावर ९० पीपीएमची मर्यादा २०१७ पासूनच लागू आहे.

फरशी पुढच्या वर्षी घातली तरी चालेल.