डव्हटेल खाचेसाठी मिलिंग कटरची निवड

१९५३ मध्ये बंगळुरू येथे हिंदुस्तान मशीन टूल्सची स्थापना झाल्यानंतर यंत्रे घडविणाऱ्या यंत्रांच्या निर्मितीस देशात चालना मिळाली. आज राजकोट, लुधियाना, बटाला येथील लहान कारखान्यांतही लेथ तयार होतात. लेथची आडवी सरक ज्या मार्गावरून अचूक सरकते, तो बहुधा डव्हटेल पद्धतीचा असतो. पारव्याच्या शेपटीप्रमाणे तळाशी रुंद व तोंडाशी अरुंद अशी ही खाच सरकत्या भागास वर उचलला जाऊ देत नाही. झिजेमुळे पडणारी फट भरून काढण्यासाठी एका बाजूस जिब ही पट्टी बसवितात.

खाच एका दमात कापली जात नाही. प्रथम साध्या एंड मिलने सरळ बाजूंची खाच काढून बहुतेक धातू काढला जातो. मग डव्हटेल कटरने दोन्ही बाजू आतून तिरप्या कापल्या जातात. हे अखेरचे काम असल्याने येथे कटर मोडला तर आधीच्या सर्व श्रमांसह ओतीव भागही वाया जाण्याचा धोका असतो. छोट्या कारखानदारास ही हानी कटरच्या किमतीहून कितीतरी जड जाते.

कटर मोडतो तो प्रायः मानेशी. कटरचा मोठा व्यास तळाशी असतो आणि वर जाताना तो घटत जातो. २५ मिमी व्यासाचा कटर १० मिमी खोलीसाठी घेतला, तर ६० अंशांच्या कटरचा वरचा व्यास सुमारे १३.४५ मिमी उरतो. ४५ अंशांच्या कटरचा मात्र अवघा ५ मिमी! त्यामुळेच समान व्यासाच्या ४५ अंशी कटरच्या दात्यांची उंची कमी ठेवलेली आढळते. कोन आराखड्याने ठरतो, तो कारागिराच्या हाती नसतो. परंतु खाचेत मावेल तेवढा मोठ्या व्यासाचा कटर घेणे त्याच्या हाती असते. दात्यांची उंची किमान खाचेच्या खोलीइतकी असावी.

धातूचा विचार यानंतर येतो. हायस्पीड स्टीलचा कटर धक्का सोसतो व कारखान्यातच पुन्हा धार लावून वापरता येतो. जुन्या, किंचित सैल यंत्रावर तोच श्रेयस्कर. कार्बाइड अधिक वेगाने कापते, पण ते ठिसूळ असते; यंत्र थरथरले की दात्यांचे टोक उडते. शिवाय त्यास धार लावण्यास हिऱ्याचे चाक लागते. इन्सर्ट बसविलेले कटर मोठ्या संख्येच्या उत्पादनात परवडतात. एखादाच भाग करावयाचा असल्यास योग्य कोनात घासलेले एकधारी फ्लाय कटरही पुरते, मात्र काम संथ होते.

ओतीव लोखंडासाठी हायस्पीड स्टीलचा वेग मिनिटास २० मीटर धरल्यास २५ मिमी कटरचे फेरे (१००० × २०) ÷ (३.१४ × २५), म्हणजे सुमारे २५५ येतात. ओतीव लोखंड कोरडेच कापतात, पोलादास शीतक द्रव लागतो. स्क्रूमध्ये ढिलाई असलेल्या यंत्रावर अप मिलिंगच करावे. डाउन मिलिंगमध्ये कटर कामास स्वतःकडे ओढतो आणि नाजूक मान तेथेच दगा देते.

मापन हा परीक्षेतील आवडता भाग. तळाचे कोपरे आत दडलेले असल्याने व्हर्नियर तेथे नीट टेकत नाही. म्हणून दोन्ही कोपऱ्यांत समान व्यासाचे रोलर ठेवून त्यांमधील अंतर मोजतात. तोंड ४० मिमी, खोली १० मिमी व कोन ६० अंश असल्यास तळाची रुंदी ४० + (२ × १० × ०.५७७), म्हणजे सुमारे ५१.५५ मिमी होते. ६ मिमीचे रोलर वापरल्यास त्यातून ६ × २.७३२ वजा करावे. रोलरमधील अंतर ३५.१६ मिमी भरले पाहिजे. ते कमी भरल्यास खाच अजून अरुंद आहे असे समजून आणखी एक हलका काप घ्यावा. अधिक भरल्यास मात्र जिबच्या समायोजनाने जेवढी फट भरेल तेवढीच चूक सावरता येते.