रक्षेत सोनं शोधण्याआधी

आमच्या बेळगाव-खानापूर भागात माणूस गेल्याच्या बातमीखाली रक्षाविसर्जन कधी, किती वाजता, हेही पेपरात छापून येतं. त्या सकाळी गुंजीसारख्या गावात भावकी, पाहुणे, गल्लीतली माणसं सगळी स्मशानात जमतात. त्यामुळे जे काही घडायचं ते चारचौघांत घडतं. आमच्या थोरल्या चुलत्यांच्या, आबांच्या, रक्षेला जे घडलं ते भावकीत अजून मिटलेलं नाही.

आबांच्या वरच्या दातावर सोन्याची टोपी होती. तरुणपणी मुंबईला गिरणीत असताना बसवलेली. ती चमकावी म्हणूनच हा हसतो, असं आजी म्हणायची. मांडीत रॉड होता, मोटारसायकलवरून पडल्यावर घातलेला. गेले ते आषाढात. खानापूर तालुक्यातला पाऊस ज्यांनी बघितलाय त्यांना जास्त सांगायला नको. लाकडं ओली, वर शेड असूनही झड आत येत होती, डिझेल ओतून ओतून चिता पेटवली. त्याआधी रिवाजाप्रमाणे तोंडात गंगाजळ, तुळशीपत्र आणि सोन्याचा एक मणी घातला होता. हा मणीही पुढे भांडणात आलाच.

तिसऱ्या दिवशी राख सावडताना एका चुलतभावानं पिशवीतून चाळण काढली. "आबांच्या तोंडात तोळाभर तरी हाय," असं कुणीतरी आदल्या दिवशी बोलून गेलं होतं. राखेतून निघाला मांडीतला रॉड, काळानिळा पडलेला पण सरळच्या सरळ, स्क्रूंसकट. आणि मसुराच्या डाळीएवढा पिवळट थेंब, निम्मा कोळशाला चिकटलेला. बाकी काही नाही. लगेच कुजबुज सुरू झाली, रात्री चितेजवळ राखणीला कोण होतं? होता तो गावातलाच एक गरीब माणूस, भर पावसात थांबलेला. त्याच्यासमोरच त्याचं नाव घेतलं गेलं. "मी कशाला हात लावू, दादा? मला काय देव न्हाई?" एवढंच तो म्हणाला. पुढे आमच्या घराण्यातल्या कुठल्याच मयतीला तो आला नाही, आणि त्यात त्याचं काही चुकलं असं मला वाटत नाही.

तो थेंब खानापुरात सोनाराला दाखवला. त्यानं कसोटीवर घासला, रेघेवर आम्ल सोडलं. पिवळी रेघ बघता बघता फिकी पडली. तांबं-चांदीचा भरणा भरपूर, आणि वजन चार गुंजाही नाही. एवढ्यासाठी आमच्या भावकीतले दोन सख्खे भाऊ एकमेकांच्या दारात जात नाहीत.

खरं तर यात चोर शोधायची गरजच नव्हती. सोनं जळत नाही आणि वाफ होऊन उडूनही जात नाही; त्याला 2,800 अंशांच्या वर उष्णता लागते. वितळायला 1,064 अंश सेल्सिअस. दाताच्या टोपीतलं सोनं मिश्र असतं, ते याच्या बरंच आधी वितळू शकतं. लाकडाच्या चितेत साधारण 700 ते 900 अंशांची धग असते, कोरडं लाकूड आणि वारा असेल तर मध्यभागी जास्त. म्हणजे टोपी कधी जशीच्या तशी राहते, कधी तिचा थेंब होतो. कवटी तडकते, दात सुटतात, थेंब निखाऱ्यांतून खाली राखेत, मातीत, चौथऱ्याच्या भेगेत जातो. वरून पाणी ओतून चिता शांत केली की आणखी खाली. शिवाय एका टोपीत तोळाभर सोनं असतं ही समजूतच खोटी. असतो तो दोन-तीन ग्रॅमचा पत्रा, आणि हल्ली तर सोन्यासारख्या दिसणाऱ्या कितीतरी टोप्यांत सोनं नसतंच.

रॉड आणि प्लेटा मात्र राहणारच. पोलाद 1,400 अंशांच्या आसपास वितळतं, टायटॅनियम 1,668 ला. दातात 'चांदी' भरलेली असेल तर त्यात निम्मा पारा असतो. तो 357 अंशांना उकळून धुराबरोबर जातो, म्हणून ब्रिटनमध्ये शवदाहिन्यांना पारा अडवणारी यंत्रणा बसवतात.

हे सोनं कुणाचं, हा तंटा काही आमच्याच गावचा नाही. जपानात 1939 साली वरिष्ठ न्यायालयानं ठरवलं की घरच्यांनी अस्थी उचलल्यावर मागे राहिलेला धातू नगरपालिकेचा. जर्मनीत हॅम्बुर्गच्या दाहगृहातल्या कामगारांनी दातांचं सोनं उचललं, तेव्हा 2015 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं ते सोनंही मृताच्या रक्षेचाच भाग मानलं. मला जर्मनांचं पटतं. आपल्याकडे मृताच्या अंगावरची वस्तू लबाडीनं लाटणं हा भारतीय न्याय संहितेच्या 315 व्या कलमाखाली गुन्हा आहे. पण पुरावा नसताना कुणावर बोट दाखवायला ते कलम नाही.

तेव्हा मंगळसूत्र, अंगठी, कवळी हे सहज निघणारं सगळं आंघोळ घालतानाच काढा आणि घरातल्या दोघा-तिघांसमोर एकाच्या हाती द्या. पक्क्या बसवलेल्या टोपीला हात लावू नका. पक्कड आणा म्हणणारा एखादा पाहुणा असतोच, त्याला बाहेर चहाला पाठवा. तोंडात मणी घातला तो दिला, असं समजा. रॉड निघाला तर अस्थींबरोबर मलप्रभेत सोडू नका, पोहणाऱ्या पोरांच्या पायाला लागतो. तो भंगारात गेला तरी पाप नाही. नेदरलँडमध्ये असले सांधे वितळवून पुन्हा वापरात आणणारा धंदाच उभा आहे.

पेसमेकर मात्र हयगय करण्यासारखी गोष्ट नव्हे. त्यातली बॅटरी आगीत फुटते. इंग्लंडमध्ये सॉलिहल इथं 1976 साली असा स्फोट झाल्याची नोंद आहे, आणि आपल्याकडे तर अग्नी देणारा मुलगा चितेला टेकूनच उभा असतो. घरात कुणाला पेसमेकर असेल तर त्याचं कार्ड कुठं ठेवलंय हे निदान दोघांना सांगून ठेवा. माणूस दवाखान्यात गेला तर मृतदेह ताब्यात घेण्याआधीच पेसमेकर काढून द्यायला सांगा. घरी गेला तर डॉक्टरला बोलावल्याशिवाय तिरडी उचलू नका, मग पाहुणे कितीही खोळंबू देत.