जाड थराला घाई चालत नाही

अगं, चिकलठाण्याच्या इंडो-जर्मन टूल रूममध्ये पोलादाचे साचे शिकलेली तू आता पवईला आयआयटीच्या क्लीनरूममध्ये एसयू-८ या फोटोरेझिस्टचा साचा करणार! फार बरं वाटलं ऐकून. तिथे हा रेझिस्ट नवखा नाही. प्रा. रामगोपाल राव यांच्या गटाने त्याच्याच सूक्ष्म पट्ट्यांवर स्फोटकं ओळखणाऱ्या सेन्सरचं काम केलंय. पण ताई म्हणून चार गोष्टी आधीच सांगते.

तुला थर हवाय शंभर मायक्रॉनचा. त्यासाठी एसयू-८ २१०० घेशील, तर तो पाण्याच्या हजारो पट घट्ट असतो. सिरिंजने ओढू नकोस, बुडबुडे शिरतात. बाटलीचं तोंड सिलिकॉन वेफरजवळ नेऊन मधोमध सावकाश ओत. चार इंची वेफरला चारेक मिलिलिटर पुरतं. आधी ५०० आरपीएमवर पसरू दे, मग ३००० वर अर्धं मिनिट फिरव.

खरी परीक्षा पुढे, बेक करताना. एकदम ९५ अंशांवर ठेवलंस तर दुधावर साय धरावी तसा वरचा पापुद्रा आधी सुकतो आणि सॉल्व्हंट आतच कोंडतो. ओव्हन नको म्हणतात ते याचसाठी. हॉटप्लेटवर उष्णता खालून येते. प्लेट अगदी लेव्हलमध्ये हवी, नाहीतर थर एका बाजूला वाहतो. ६५ अंशांवर पाच मिनिटं, मग ९५ वर वीस ते तीस. पण घड्याळावरच विसंबू नकोस. वेफर उतरवून थंड होऊ दे, पुन्हा प्लेटवर ठेव आणि तिरप्या नजरेने बघ. पृष्ठभागावर सुरकुत्या आल्या तर सॉल्व्हंट अजून आत आहे; आणखी काही मिनिटं ठेव. सुरकुत्या येईनाशा होईपर्यंत हेच कर.

कडेला थर जाड राहतो, तोही काढून टाक. नाहीतर मास्क वेफरला नीट टेकत नाही आणि फटीतून प्रकाश पसरून भिंती तिरक्या येतात. एक्सपोजरनंतरच्या बेकलाही तेच ६५, मग ९५. मिनिटभरात आकृती दिसायला लागली पाहिजे. नाही दिसली तर प्रकाश किंवा उष्णता कमी पडली समज. नंतर वेफर झटकन थंड करू नकोस. सिलिकॉन आणि एसयू-८ सारखे आकसत नाहीत, त्या ताणाने थराला तडे जातात. डेव्हलप केल्यावर आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोलने) धुताना पांढरट दिसलं तर परत डेव्हलपरमध्ये टाक, काम अपुरं राहिलंय.

टूल रूममध्ये मायक्रॉनसाठी थांबायची सवय तुझ्या हाताला लागलीच आहे, ती इथे सोडू नकोस. म्हणून क्लीनरूमचा स्लॉट मागतानाच बेकचा आणि थंड होण्याचा वेळ धरून माग. मागे कुणी ताटकळत उभं असलं तरी वेफर लवकर उचलू नकोस, नम्रपणे सांग, ‘अजून दहा मिनिटं लागतील.’