फॅमिली पार्कमध्ये परमिट रूम हवी का?

उन्हाळ्याची सुटी लागली की आमच्या दवाखान्यात दोन प्रकारचे रुग्ण वाढतात. एक उन्हाने आजारी पडलेले, दुसरे सहलीला जाऊन आजारी पडलेले. आजचा प्रश्न दुसऱ्या प्रकारातला आहे. लातूरच्या एका वाचकांनी पत्रातून विचारले आहे : "वॉटर पार्क, फॅमिली गार्डन अशा ठिकाणच्या हॉटेलात बिअर-दारू मिळावी की नाही, यावर आमच्याकडे रोज वाद होतो. पिणारे लपूनछपून पितातच. मग रीतसर मिळाली तर बिघडते काय? डॉक्टर म्हणून आपले मत कळवावे."

प्रश्न चांगला आहे आणि त्याचे उत्तर वाटते तितके सोपे नाही. आठ वर्षांपूर्वी मे महिन्यातल्या एका संध्याकाळी हाच प्रश्न माझ्यासमोर उभा राहिला होता, तेव्हा मलाही उत्तर सुचले नव्हते.

त्या संध्याकाळची गोष्ट

दोन कुटुंबे जीप करून एका वॉटर पार्कला गेली होती. परतताना त्यांनी गाडी थेट दवाखान्यासमोर थांबवली. आजीच्या कडेवर पाच वर्षांचा मुलगा होता. "साहेब, लेकरू डोळेच उघडंना झालंय. ऊन लागलं बघा," असे म्हणून आजी रडू लागली. अंग थंडगार, घामाने भिजलेले. उन्हाचा झटका बसलेल्या मुलाचे अंग असे नसते. तोंडाजवळ वाकलो आणि वास आला. रक्तातली साखर तपासली, ती पन्नासच्याही खाली होती. ताबडतोब शिरेतून ग्लुकोज दिले. काही मिनिटांत पोराने डोळे उघडले आणि आईला हाक मारली. रात्रभर सलाईन लावून ठेवले, दर तासाला साखर पाहिली. सकाळी मुलगा ठणठणीत होता.

झाले होते ते असे. त्या पार्कमध्ये दारू मिळत नव्हती. म्हणून घरूनच कोल्ड्रिंकच्या बाटलीत रम मिसळून नेली होती. पुरुषमंडळी झाडाखाली बसली, बायका जेवणाचे डबे सोडत होत्या. पाण्यात खेळून तहानलेले पोर आले, त्याने समोरची काळी बाटली उचलली आणि चार-पाच घोट घेतले. कोणाच्या लक्षात आले नाही. पुढे ते झोपले, तेव्हा दमले असेल असे सगळ्यांना वाटले.

वडिलांची मान वर होत नव्हती. पण जाताना ते एक वाक्य बोलून गेले : "डॉक्टरसाहेब, तिथं हॉटेलात मिळाली असती तर ही बाटली न्यायची वेळच आली नसती." वाचकांच्या पत्रातला मुद्दा नेमका हाच आहे. त्याला टाळून पुढे जाता येणार नाही. पण आधी दारूचा हिशेब समजून घेऊ.

पेगचा हिशेब

दारू कोणतीही असो, तिच्यातला परिणाम करणारा पदार्थ एकच, अल्कोहोल. ३० मि.ली.च्या एका छोट्या पेगमध्ये तो साधारण १० ग्रॅम असतो. ५ टक्क्यांच्या साध्या बिअरच्या ६५० मि.ली. बाटलीत सुमारे २५ ग्रॅम. आणि आपल्याकडे सर्रास मागितली जाते ती ८ टक्क्यांची 'स्ट्राँग' बिअर, तिच्या एका बाटलीत सुमारे ४० ग्रॅम. म्हणजे "मी दारू घेत नाही, फक्त एक बिअर घेतो" असे सांगणाऱ्याने चार छोटे पेग घेतलेले असतात.

आपले यकृत तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम अल्कोहोल निकामी करते. त्याला घाई करता येत नाही. लिंबूपाणी, कडक चहा, थंड पाण्याची अंघोळ यांपैकी कशानेही हा वेग वाढत नाही. एक स्ट्राँग बिअर अंगातून जायला चार ते सहा तास लागतात.

आता वजनाचा विचार करा. १६ किलोच्या मुलाच्या पोटात गेलेला एक पेग हा ६४ किलोच्या माणसाच्या पोटातल्या चार पेगांएवढा होतो. त्यातच उपाशी वेळी साखर तयार करण्याचे यकृताचे काम अल्कोहोलमुळे थांबते. मुलांच्या यकृतात साखरेचा साठा कमी, त्यातून दिवसभर खेळून तो संपलेला. म्हणून मोठा माणूस झिंगतो, पण लहान मूल बेशुद्ध पडते, त्याला झटकेही येऊ शकतात.

ऊन, पाणी आणि दारू

मराठवाड्यातला मे महिना म्हणजे ४२-४३ अंशांचे ऊन. थंडगार बिअरने उन्हाळा सुसह्य होतो हा मोठा गैरसमज आहे. लघवीवाटे जाणारे पाणी रोखून धरणारे एक संप्रेरक आपल्या मेंदूतून स्रवते. अल्कोहोल ते दाबून टाकते. त्यामुळे लघवीवाटे जास्त पाणी बाहेर पडते. वरून घाम चालूच असतो. चक्कर येणे, उन्हाचा झटका बसणे यांना हे आमंत्रणच आहे.

दुसरी गोष्ट पाण्याची. बुडणारे मूल सिनेमात दाखवतात तसे हात हलवून ओरडत नाही. त्याचे तोंड पाण्याच्या पातळीलाच असते, ओरडायला श्वासच नसतो. ते मुकाट्याने बुडते आणि एक-दोन मिनिटांत सारे संपते. जगभरात लहान मुलांच्या मृत्यूंच्या प्रमुख कारणांमध्ये जागतिक आरोग्य संघटना बुडण्याची गणना करते. यावर खात्रीचा उपाय एकच : एका मोठ्या माणसाचे डोळे सतत त्या मुलावर असणे. एका पेगनंतर माणूस पडत नाही, बडबडतही नाही. पण त्याचे लक्ष ढिले होते, प्रतिक्रिया मंदावते आणि "काही होत नाही" असा धीर मात्र वाढतो. पाण्याच्या कडेला हा धीर घातक आहे.

तिसरी गोष्ट परतीच्या रस्त्याची. वॉटर पार्कला कोणी तिथे राहायला जात नाही. संध्याकाळी मोटारसायकलवर पुढे एक, मागे दोन अशी बसवून किंवा जीप भरून लोक घरी निघतात. नांदेड-लातूर रस्त्याने रात्री प्रवास करणाऱ्यांना मी वेगळे काय सांगू? कायद्याची मर्यादा १०० मि.ली. रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोल एवढीच आहे. ६० किलोच्या माणसाने उपाशीपोटी साध्या बिअरची एक मोठी बाटली भरभर प्याली तर तो या मर्यादेच्या दुपटीवर जाऊ शकतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्याच गुन्ह्याला १० हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही आहे. पण दंडापेक्षा मागे बसलेली लेकरे महत्त्वाची.

परदेशात तर मिळते ना?

असे म्हणणारे हटकून निघतात. परदेशातला अनुभव खरोखर पाहण्यासारखा आहे. वॉल्ट डिस्ने यांनी १९५५ मध्ये कॅलिफोर्नियात डिस्नेलँड सुरू केले, तेव्हा येणाऱ्या सर्वसामान्य लोकांसाठी तेथे दारू ठेवली नाही. जागा कुटुंबाची, तेथे पिऊन हिंडणारी माणसे नकोत, असा विचार त्यामागे होता. पुढे १९७१ मध्ये फ्लोरिडात त्यांच्या कंपनीचे 'मॅजिक किंगडम' उघडले. तेथे एका उपाहारगृहात रात्रीच्या जेवणाबरोबर वाइन आणि बिअर द्यायला सुरुवात झाली ती २०१२ मध्ये, म्हणजे ४१ वर्षांनी. पॅरिसजवळचे त्यांचे उद्यान एप्रिल १९९२ मध्ये दारूविनाच सुरू झाले. परंतु दुपारच्या जेवणाबरोबर वाइन घेणाऱ्या फ्रेंच लोकांना ते मानवले नाही, आणि १९९३ मध्ये कंपनीला नियम बदलावा लागला.

यातून काय शिकायचे? फ्रान्समध्ये सारे कुटुंब एका टेबलाशी बसते आणि वडील, आई, आजी जेवणाबरोबर थोडी वाइन घेतात. आपल्याकडचे पिणे तसे नाही. आपल्याकडे जेवणाआधी, चकण्याबरोबर आणि चढावी म्हणूनच पितात. शिवाय पिणारे किती? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात १५ वर्षांवरील पुरुषांपैकी शंभरात सुमारे १४ जण दारू घेतात, आणि बायकांमध्ये शंभरात एकही भरत नाही. म्हणजे फॅमिली पार्कमध्ये आलेल्या बायका, मुले, म्हातारी माणसे आणि बहुतेक पुरुषही न पिणारेच असतात. मूठभरांच्या सोयीसाठी सगळ्यांच्या जागेचे रूप का बदलावे?

आपला कायदा जागा पाहतो

महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा आजही लागू आहे. त्यानुसार दारू पिण्यासाठी परवाना लागतो. बारला आपण 'परमिट रूम' म्हणतो ते त्यामुळेच. बिअर-वाइनसाठी २१ आणि कडक दारूसाठी २५ वर्षे पूर्ण असावी लागतात. शाळा आणि देवळापासून अंतर राखण्याचा नियम आहे. डिसेंबर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महामार्गांपासून ५०० मीटरच्या आत दारूविक्री नको असा निकाल दिला. २०१७ मध्ये नगरपालिका हद्दींसाठी तो सैल झाला, पण त्यामागचा विचार लक्षात घ्या. न्यायालयाने कोणाला पिऊ नका म्हटले नाही. गाडी चालवण्याच्या जागेजवळ दारू नको, एवढेच म्हटले. जानेवारी २०२२ मध्ये मोठ्या किराणा दुकानांतून वाइन विकू देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने घेतला, तेव्हाही असाच वाद पेटला. अण्णा हजारे यांनी उपोषणाचा इशारा दिला आणि सरकारला लोकांच्या हरकती-सूचना मागवाव्या लागल्या. जेथे आई लेकराला घेऊन साखर-साबण घ्यायला जाते तेथे बाटली नको, असे कितीतरी लोकांना वाटले.

आमच्या लहानपणी वॉटर पार्क नव्हते. आमचे सगळे माळेगावच्या जत्रेत होते : आकाशपाळणे, रेवड्या, फुगे. पिणारे तिथेही असत. पण ते कडेला, आडोशाला जात. पाळण्यापाशी पेला घेऊन उभा राहिलेला माणूस मी पाहिला नाही. ती लाज उपयोगाची होती.

मग त्या वडिलांना उत्तर काय?

त्यांचा मुद्दा अर्धा खरा आहे. उघड्यावर, टेबलावर, पेल्यात दिलेली दारू कोल्ड्रिंकच्या बाटलीत लपत नाही. पण टेबलावर उरलेला पेलाही मूल उचलू शकते. आणि हॉटेलात बसलेले वडील पाण्याच्या कडेला नसतात. त्या दिवशी पोराला धोका झाला तो दारू मिळत नव्हती म्हणून नाही. मुलावर नजर ठेवायच्या वेळी मोठी माणसे पीत बसली म्हणून झाला. बाटली घरची असो की हॉटेलची, ही गोष्ट बदलत नाही.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे. पार्कच्या फाटकाच्या आत दारू नसावी. प्रश्न कोणाच्या पिण्याच्या हक्काचा नाही, जागेचा आहे. जेथे पोरे पाण्यात आहेत, तेथे प्रत्येक मोठा माणूस ड्यूटीवर असतो. एस.टी.चा ड्रायव्हर ड्यूटीवर पीत नाही, यात त्याचा हक्क गेला असे आपण म्हणत नाही. मालकांना बार चालवायचाच असेल तर तो फाटकाबाहेर, स्वतंत्र दाराचा असावा. आणि नुसती पाटी लावून भागणार नाही. फाटकावर पिशव्या तपासाव्यात, आणि आत प्यायचे थंड पाणी फुकट, ताक-सरबत स्वस्त मिळावे.

पालकांनी लक्षात ठेवावे

१) सहलीत कोल्ड्रिंकच्या किंवा पाण्याच्या बाटलीत दारू कधीही भरू नये.

२) पाण्यात मुले असताना एका मोठ्या माणसाने पाळी लावून फक्त त्यांच्यावर लक्ष ठेवावे. त्या वेळी मोबाईलही नको.

३) मुलाने दारू प्याल्याची शंका आली तर उलटी काढायला लावू नये. पूर्ण शुद्धीवर असेल तर साखरपाणी घोट-घोट पाजत दवाखान्यात आणावे. गुंगीत असेल तर तोंडाने काहीही देऊ नये, कुशीवर झोपवून आणावे. "झोपून उतरेल" म्हणून वाट पाहू नये.

४) डॉक्टरांपासून काही लपवू नये. 'ऊन लागले' असे सांगितल्याने मौल्यवान वेळ जातो.

५) बुडालेल्या मुलाला उलटे धरून गरगर फिरवू नये, पोट दाबू नये. श्वास बंद असेल तर लगेच तोंडाने श्वास द्यावा, छाती दाबावी आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

तो मुलगा आता आठवीत आहे. सर्दी-खोकल्याला वडीलच त्याला घेऊन येतात. त्या रात्रीविषयी आम्ही बोलत नाही. मात्र गेल्या उन्हाळ्यात ते आपणहून म्हणाले, "साहेब, आम्ही पुन्हा गेलो होतो पार्कला. या वेळी पाण्यात मीच उतरलो लेकरासंगं." वाचकांच्या पत्राला याहून चांगले उत्तर माझ्याजवळ नाही.