जुन्या मोटारीचा कार्ब्युरेटर : एक रोगनिदान

वेगाने वाहणाऱ्या हवेचा दाब कमी होतो, हा बर्नोलीचा नियम आपण वर्गात शिकतो. १७३८ साली ग्रंथबद्ध झालेल्या या तत्त्वावरच जुन्या मोटारीचा कार्ब्युरेटर चालतो. त्यातील हवेची नळी मध्यभागी अरुंद असते. तेथे हवेचा वेग वाढतो, दाब घटतो, आणि शेजारच्या पात्रातील पेट्रोल बारीक छिद्राच्या पितळी जेटमधून तुषाररूपाने हवेत मिसळते. वजनाने एक भाग पेट्रोलास सुमारे पंधरा भाग हवा, हे प्रमाण ढळले की इंजिन कुरकुरू लागते.

उदाहरणादाखल आपण 'प्रीमियर पद्मिनी' ही मोटार घेऊ. मूळच्या फियाट ११०० मोटारीस १९७४ साली हे नाव मिळाले. मुंबईच्या रस्त्यांवरून या जातीची टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. तथापि हौशी मालकांनी जपलेल्या मोटारी अजून आढळतात. त्यांच्यासंबंधी नेहमीची तक्रार अशी, की कार्ब्युरेटर साफ केला म्हणजे चार दिवस गाडी सुरळीत चालते, आणि पाचव्या दिवशी पुन्हा रस्त्यात थांबते. असे का व्हावे?

प्रथम लक्षणे नीट पाहिली पाहिजेत. गाडी उभी असताना इंजिन बंद पडते, पण वेग दिल्यास चालते; तर मंदगतीचा जेट तुंबला असावा. याउलट उभ्या गाडीत इंजिन शांत चालते, परंतु चढावर दम तोडते; तर मुख्य जेटकडे किंवा पेट्रोलच्या पुरवठ्याकडे लक्ष द्यावे. काळा धूर, पेट्रोलचा उग्र वास आणि काजळलेला स्पार्क प्लग ही पेट्रोल अधिक जात असल्याची चिन्हे होत. पात्रातील तरंगक गळका झाला, अथवा पेट्रोल अडविणारी सुई झिजली, तर असे घडते. प्लग पांढुरका दिसल्यास हवा अधिक झाल्याचा संशय घ्यावा आणि जोडावरील गॅस्केट तपासावे.

आता दोष पुनःपुन्हा का उद्भवतो ते पाहू. विहीर गढूळ असेल तर घागर कितीही घासली तरी पाणी निर्मळ मिळत नाही. पेट्रोलची टाकी जुनी झाली की आतून गंजते. तो गंज प्रवाहाबरोबर गाळणीत व जेटमध्ये अडकतो. इंजिन थांबले की काही कण पुन्हा खाली बसतात, म्हणून थोड्या वेळाने गाडी सुरू होते आणि मालक फसतो. कधी टाकीच्या झाकणातील हवेचे छिद्रच बुजलेले असते. गाडी अडखळताच झाकण उघडावे. हवा फुसकन आत शिरली आणि इंजिन सावरले, तर दोष तेथेच आहे. पंपाचा पडदा फाटला असल्यासही पुरवठा तुटतो. शिवाय २०२३ पासून आपल्या देशात वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल विक्रीस आले. इथेनॉल पाणी शोषून घेते आणि जुन्या पद्धतीच्या रबरी नळ्यांना ते मानवत नाही. अशा नळ्या बदलणे इष्ट.

कार्ब्युरेटरला दोष देण्यापूर्वी ठिणगी तपासावी, कारण विद्युत्-यंत्रणेतील बिघाडही हुबेहूब हीच लक्षणे दाखवितो. एका वेळी एकच फेरफार करावा. दोन केल्यास गुण कशाने आला हे कळत नाही. जेटमध्ये तार कधीही खुपसू नये. छिद्र केसभर जरी मोठे झाले तरी प्रमाण कायमचे बिघडते. हवेच्या झोताने ते साफ करावे. हे काम जाणत्या मिस्त्रीच्या देखरेखीखाली आणि मोकळ्या हवेतच व्हावे. पेट्रोलची वाफ एका ठिणगीने भडकते. आणि बंद खोलीत चालणाऱ्या इंजिनातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड वास न येता प्राण घेतो.

नव्या मोटारींत कार्ब्युरेटरची जागा संगणक-नियंत्रित यंत्रणेने घेतली आहे. तरीही लक्षणापासून कारणापर्यंत आणि कारणापासून मूळ कारणापर्यंत पायरी न गाळता जाण्याची ही रीत जुनी झालेली नाही. गणित चुकल्यावर केवळ उत्तर खोडणारा विद्यार्थी आणि प्रत्येक वेळी केवळ जेट धुणारा मालक, हे दोघेही त्याच ठिकाणी पुन्हा अडतात. आपण मात्र टाकीपर्यंत मागे जाऊन पाहण्याची सवय लावून घ्यावी.