आजीचा टीव्ही आणि सिग्नल-टू-नॉइज रेशो

पी.एल.मध्ये घरी गेलो की रोज संध्याकाळी एक संवाद ठरलेला. "आजी, टीव्हीचा आवाज कमी कर ना गं, परवा पेपर आहे!" आजी बिचारी आवाज कमी करते आणि नुसती चित्रं बघत बसते. सगळे हसले की तीही हसते, पण जरा उशिराने. मागच्या खेपेला तर तिने मालिका बघणंच सोडलं. "मला मेलीला काही कळत नाही त्यातलं," म्हणाली आणि आत जाऊन पडली. तेव्हा माझ्या मांडीवर सिग्नल प्रोसेसिंगचं पुस्तक उघडं होतं. खरं सांगतो, लाज वाटली. म्हणून हा प्रॉब्लेम इंजिनिअरसारखा सोडवायचं ठरवलं.

प्रॉब्लेम नक्की काय?

मित्रांनो, आपल्याला वाटतं की म्हाताऱ्या माणसांना 'कमी' ऐकू येतं, म्हणून व्हॉल्यूम वाढवला की झालं. पण तसं नाही. आपल्या अंतर्कर्णात शंखाच्या आकाराचा एक भाग असतो, त्यात सूक्ष्म केसपेशी असतात. वयानुसार त्यातल्या उंच पट्टीचे, म्हणजे जास्त फ्रीक्वेन्सीचे आवाज टिपणाऱ्या पेशी आधी निकामी होतात, आणि त्या परत येत नाहीत. थोडक्यात, कानाचा लो-पास फिल्टर होतो!

बोलण्यातल्या स्वरांची बरीचशी ताकद 1000 हर्ट्झच्या खाली असते. पण स, श, फ, त, च यांसारखी व्यंजनं ओळखू येतात ती मुख्यतः 2000 ते 8000 हर्ट्झच्या भागामुळे. म्हणून 'साठ', 'पाठ' आणि 'काठ' हे तिन्ही शब्द आजीला जवळपास सारखेच ऐकू येतात. कोणीतरी बोलतंय हे कळतं, काय बोलतंय ते कळत नाही.

त्यात मालिकेत संवादामागे सतत ढॅणढॅण संगीत. व्हॉल्यूम वाढवला की संवादही वाढतो आणि संगीतही, म्हणजे सिग्नल-टू-नॉइज रेशो आहे तिथेच! म्हणूनच आजीला बातम्या बऱ्यापैकी कळतात, मालिका नाही. शिवाय अशा कानाला हळू आवाज ऐकू येत नाही आणि मोठा एकदम सोसत नाही. "काय म्हणालास?" आणि लगेच "ओरडतोस कशाला!" हे त्यामुळेच.

उपाय, स्वस्तापासून सुरू

1. आधी कान तपासून घ्या. कधीकधी नुसता मळ साठलेला असतो. तो घरी काडीने काढू नका, डॉक्टरांकडून काढून घ्या.

2. खुर्ची पुढे न्या. मोकळ्या जागेत अंतर निम्मं केलं की आवाज 6 डेसिबलने वाढतो. खोलीत भिंतींवरून परावर्तन होतं म्हणून फायदा थोडा कमी, पण फुकटचा. पडदे, सतरंजी असेल तर आवाज कमी घुमतो. मालिकेच्या वेळी मिक्सर बंद!

3. टीव्हीची सेटिंग्ज बघा. बऱ्याच सेटमध्ये संवाद स्पष्ट करणारा मोड असतो. नसेल तर इक्वलायझरमध्ये 100 हर्ट्झची पट्टी खाली आणि 3 किलोहर्ट्झची वर करा. सराउंड बंद ठेवा.

4. आवाज थेट कानापाशी न्या. हा सर्वांत मोठा उपाय, कारण इथे खोलीतला गोंगाट वगळला जातो. टीव्हीला हेडफोनचा जॅक असेल तर लांब वायर भिंतीच्या कडेने न्या, पायात येऊ देऊ नका. जॅक लावल्यावर टीव्हीचा स्पीकर बंद पडत असेल तर दोन्ही चालू ठेवायचं सेटिंग आहे का ते मेनूत शोधा. ब्लूटूथ वापरलंत तर उशीर तपासा. साध्या ब्लूटूथमध्ये आवाज ओठांच्या मागे राहू शकतो, आणि आजी नकळत ओठही वाचत असते. मग 'ए.व्ही. सिंक' जुळवा किंवा टीव्हीसाठीचा वायरलेस हेडफोन घ्या. हेडफोनचा आवाज मात्र आटोक्यात ठेवा. मोठ्यांसाठी 80 डेसिबल, आठवड्याला 40 तास ही जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे.

5. श्रवणयंत्र असेल तर ते काढून वर हेडफोन लावायची घाई नको. टीव्हीचा आवाज थेट यंत्रात पाठवणारी जोडणी अनेक यंत्रांना मिळते. ऑडिओलॉजिस्टला विचारा.

6. वाचता येत असेल तर सबटायटल्स लावा. 2019 मध्ये माहिती व प्रसारण मंत्रालयाने कर्णबधिर प्रेक्षकांसाठी टीव्ही कार्यक्रमांची मानकं जाहीर केली, त्यात सबटायटल्सचा समावेश आहे. ज्या कार्यक्रमाला ती असतील तिथे चालू करून द्या.

टेस्टिंग

आमच्याकडे खुर्ची पुढे आली, इक्वलायझर बदलला आणि पाच मीटर वायरचा हेडफोन आला. पहिल्या दिवशी आजीने तो काढून ठेवला, "डोक्याला जड होतो" म्हणून. हलका आणला. बटणांवर लाल-हिरवा रंग लावला. हेही डिझाइनच! चौथ्या दिवशी ती आमच्याबरोबर हसली, अगदी त्याच क्षणी. वर मलाच म्हणाली, "हळू बोल रे, ऐकू दे!"

तेव्हा मित्रांनो, या पी.एल.मध्ये घरी गेलात की "आवाज कमी कर" म्हणण्याआधी पंधरा मिनिटं आजी-आजोबांशेजारी बसा. त्यांना कुठे कळत नाही ते विचारा. एवढं इंजिनिअरिंग तर आपल्याला जमायलाच हवं.